एकशे साठ चौरस फूट

कलाशाळेच्या आयुष्यात एक वर्ष असे येते की भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो, "किती झाली?" कॅन्टीनमधला पोऱ्या विचारतो, मॉडेल म्हणून बसायला येणाऱ्या मावशी विचारतात, पहिल्या वर्षाची मुले तर जिन्यात अडवून विचारतात. झाली म्हणजे चित्रे! पदव्युत्तर वर्गाच्या अखेरच्या प्रदर्शनाला उभे राहणाऱ्याला नाव, गाव, आवडनिवड असे काही उरतच नाही. उरतो तो एक आकडा. परवापरवापर्यंत मी 'अकरा' होते. आता 'सहा' आहे. आकडा वर चढायचा सोडून खाली कसा उतरला, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्रकार म्हणजे स्फूर्तीच्या वाऱ्यावर तरंगणारा प्राणी, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. प्रत्यक्षात आमचे हे वर्ष सुताराशी घासाघीस करण्यात, कॅनव्हास ताणून बोटे सोलवटून घेण्यात आणि कॅलेंडर उलटे मोजण्यात जाते. उलटे अशासाठी की तैलरंग काही पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत, आपल्या सवडीने घट्ट होत जाते. अंबर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. अ‍ॅलिझरीन क्रिमसन मात्र आठवडा उलटला तरी बोटाला चिकटतो. जाड थर दिला असेल तर महिनेच्या महिने! शिवाय खाली पातळ थर आणि वर तेलकट थर हा जुना दंडक मोडला, तर पुढे भेगा पडतात. तेव्हा प्रदर्शन मार्चमध्ये असेल तर शेवटचा जाड हात जानेवारीत थांबलाच पाहिजे. मधल्या पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते, कोपऱ्यातल्या पाचरी सैल पडतात, ते निराळेच.

माझ्या चित्रांचा विषय आमची खोली. नायगावच्या बी. डी. डी. चाळीतली, एकशे साठ चौरस फुटांची. इंग्रजांच्या राज्यात, १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या चाळी उठवल्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवला होता. तळमजला धरून चार मजले, मधोमध काळोखा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. माझे आजोबा गिरणीत विणकर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि ते पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. खोली तेवढी राहिली. तिच्यात आजी, आई-बाबा, काका, धाकटा भाऊ आणि मी अशी सहा माणसे वाढलो, झोपलो, भांडलो.

या चाळींचा पुनर्विकास चालला आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक असेलच. एकशे साठच्या जागी पाचशे चौरस फुटांचे घर! २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा आमच्या बाबांनी दूरचित्रवाणीसमोरच पेढे वाटले. आमची चाळ रिकामी करण्याची पाळी आली, तेव्हा मी नुकताच माझा विषय लिहून दिला होता. घरचे गाठोडी बांधत होते आणि मी टेप घेऊन खिडकीची उंची, मोरीचा कट्टा, कडीपाट असे सगळे मोजून वहीत उतरवत होते. सामान टेम्पोत चढल्यावर मी दुपारभर त्या खोलीत एकटीच बसून राहिले. भिंतीवर कपाटाचा फिकट चौकोन, देव्हाऱ्यामागे तेलाचा डाग, खिडकीतून फरशीवर सरकणारे ऊन. पंचवीस-तीस रेखाटने झाली. त्यातून पाच मोठी चित्रे उभी राहिली.

खरे सांगते, ती चित्रे सुरेख झाली आहेत. वर्गमित्र त्यांच्यासमोर थांबतात. स्टुडिओत आलेल्या एका गृहस्थांनी तर दोन चित्रांची किंमत विचारली आणि जो आकडा सुचवला, त्यात माझ्या सगळ्या चौकटींचे, टेम्पोचे आणि पुस्तिकेच्या छपाईचे पैसे निघाले असते.

त्यांतले एक, चार फूट बाय तीन फुटांचे, आईला दाखवायला घरी न्यायचे ठरवले. दुपारच्या लोकलच्या मालडब्यात, जुन्या चादरीत गुंडाळून. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळीणबाईंनी चादरीचे टोक उचलून पाहिले. "खोली काय गो ही? मोकळी हाय की! भाड्यानं देतेस काय?" सगळा डबा हसला, मीही हसले.

लालबागच्या भाड्याच्या घरात आईने चित्र कॉटवर टेकवले, हात पुसले आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "छान काढलंयस गं. अगदी तीच खिडकी. पण आपली खोली इतकी मोकळी कधी होती?"

एवढेच बोलून ती स्वयंपाकाला लागली. फ्रिजच्या दारावर नव्या घराचा नकाशा चिकटवलेला आहे. त्यात संडास-न्हाणीच्या चौकोनाभोवती तिने भावाच्या लाल पेनाने रेघ मारून ठेवली आहे. तीस वर्षे पहाटे उठून बोळाच्या टोकाशी बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती. तिच्या त्या लाल रेघेइतकी ठाम रेघ माझ्या एकाही चित्रात नाही, असे मला त्या क्षणी वाटून गेले.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आर्लमधली आपली झोपण्याची खोली १८८८ च्या ऑक्टोबरात रंगवली, हे आपण सगळेच दुसऱ्या वर्षाच्या कला-इतिहासात शिकतो. पुढे तो रुग्णालयात असताना ओलीने ते चित्र खराब झाले. १८८९ च्या सप्टेंबरात, सॅं रेमीच्या आश्रयगृहात राहत असताना, त्याने तीच खोली पुन्हा रंगवली आणि आई-बहिणीसाठी आणखी एक लहान प्रत केली. सुटलेली खोली पुन्हा पुन्हा रंगवता येते, हा धीर मला त्या तीन चित्रांनी दिला. मात्र एक फरक आहे. व्हिन्सेंटची खोली त्या एकट्याची होती. माणसाविना रंगवली तरी ती त्याचीच राहते. आमच्या खोलीतून माणसे काढली की उरते ती फक्त वास्तू. ती शंभर वर्षे रिकामी अशी एकच दुपार होती, आणि त्या दुपारी मी तिथे होते. पाच चित्रे खोटी नाहीत. ती त्या एका दुपारची आहेत. प्रश्न एवढाच, की परीक्षकांसमोर, आणि आईसमोर, मी कुठला दिवस टांगायचा?

उरलेली सहा चित्रे दिसायला तितकी गोड नाहीत. एकात रात्रीच्या अंथरुणांचा गुंता आहे. काकांचे पाय कपाटाखाली, आजीचे डोके मोरीशी. एकात पहाटेची बादल्यांची रांग. एकात पाण्याच्या पिंपावर वही ठेवून अभ्यास करणारा भाऊ. ही चित्रे जमवताना मी सुधीर पटवर्धनांची चित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत त्यांनी १९७७ चे 'इराणी रेस्टॉरंट', २००१ चे 'लोअर परळ' अशी चित्रे रंगवली. गर्दी रंगवायची म्हणजे डोकी वाढवत जायचे नसते. प्रत्येक माणूस आपल्यापुरती जागा कशी राखतो ते पाहायचे असते, हे मला तिथे उमगले.

प्रदर्शनाबरोबर प्रबंधिकाही लिहावी लागते. तिच्यात 'स्मृती', 'अवकाश', 'विस्थापन' असे शब्द आपोआप येऊन बसतात. पहिला मसुदा बाबांनी चष्मा लावून वाचला आणि विचारले, "विस्थापन कुणाचं? आपण तर घरी जायची वाट बघतोय!" ते पान मी काढले. त्याजागी कोण कुठे झोपत असे आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती फूट येत, याचा तक्ता घातला. मार्गदर्शक सरांनी तो वाचून मान हलवली आणि फक्त एवढेच विचारले, "भिंत किती मिळतेय तुला?"

मिळतेय चोवीस फूट. त्यात अकरा चित्रे बसतच नाहीत. निर्णय भिंतीवर ढकलता आला असता, पण तो मीच घेतला आहे: ती पाच चित्रे भिंतीकडे तोंड करून स्टुडिओत राहतील. ती विकायची की नाही, हे मार्चनंतर पाहू. चौकटींचे पैसे सध्या शाळकरी मुलांच्या एलिमेंटरीच्या शिकवणीतून उभे करते आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास यावा असा टांगण्याचा रिवाज आहे. अंथरुणांचे चित्र मात्र मी जमिनीलगत लावणार आहे. ते पाहायचे तर वाकावे लागेल, आमच्या खोलीत पहाटे उठणाऱ्याला वाकून पावले टाकावी लागत तसे.

बाहेरचे परीक्षक येतील, गुण देतील, त्याची धाकधूक आहेच. पण चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बाबांनी आत्ताच निमंत्रण टाकून दिले आहे. म्हणजे ऐंशी खोल्यांचे परीक्षक येणार! पिंपाच्या झाकणाचा पोचा कुठल्या बाजूला होता, रांगेत कुणाचा नंबर कुणाच्या पुढे असे, हे त्यांना तोंडपाठ आहे. तिथे निभाव लागला पाहिजे. बादल्यांच्या रांगेतली शेवटची बादली अजून रंगायची आहे, आणि तो हिरवा नेमका कसला होता, ते उद्या आईलाच विचारणार आहे.

— एम. एफ. ए., द्वितीय वर्ष (रेखा व रंगकला)