एबिसुची घसरविद्या

मोटार घसरूं नये म्हणून सारें जग जपतें. परंतु ती मुद्दाम घसरवून ताब्यांत ठेवण्याची विद्या जपानांत नांवारूपास आली. तिला 'ड्रिफ्ट' म्हणतात. ती जेथें भरास आली तें स्थान पाहावयाचें, तर तोकियोहून शिनकान्सेन आगगाडीनें कोरियामास जावें, आणि तेथून साध्या गाडीनें फुकुशिमा प्रांतांतील निहोनमात्सु गांठावें. गांवाबाहेरच्या डोंगरांत एबिसु सर्किट आहे. शेजारींच तोहोकु सफारी पार्क. म्हणजे एकीकडे सिंह व दुसरीकडे गुरगुरणाऱ्या मोटारी!

चढउतारांवर अनेक धावमार्ग पसरले आहेत. दक्षिण मार्गावर मुरलेले चालक उंचवट्यावरून मोटार उडवून भिंतीलगत नेतात, तेव्हां पाहणाराच्या छातींत धस्स होतें. आम्हांस मात्र नवशिक्यांचे धडेच अधिक उद्बोधक वाटले.

पहिला धडा एका शंकूभोंवतीं वर्तुळ काढण्याचा. मोटार अशी हवी कीं, इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस मिळावी. निसानची जुनी सिल्व्हिया ह्या कामीं प्रसिद्ध आहे. मोटार वळवून ॲक्सिलरेटर जोरानें दाबला, कीं मागच्या टायरांची पकड सुटते व शेपूट बाहेर फेंकलें जातें. अशा वेळीं घाबरून पाय उचलावा, ही मनुष्याची उपजत बुद्धि. परंतु त्यानें पकड एकदम परत येऊन मोटार उलट दिशेस हिसका खाते. म्हणून पाय बेतानें रोखून धरावयाचा, आणि शेपूट जिकडे जात असेल तिकडे सुकाणूचें चाक फिरूं द्यावयाचें. तें घट्ट आवळूं नये. नजर शंकूवर नव्हे, तर जेथें जावयाचें तेथें असावी. जमीन ओली असल्यास हें सारें मंद वेगांतच साधतें व टायरही कमी झिजतात. पुढें दोन शंकूंभोंवतीं इंग्रजी आठाचा आंकडा काढावयाचा. एका घसरणींतून उलट घसरणींत जातांना मोटार क्षणभर सरळ होते. तो क्षण साधणें हीच खरी परीक्षा.

कुनिमित्सु ताकाहाशि हे १९६१ सालीं मोटारसायकलींची जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारे पहिले जपानी. १९७० च्या दशकांत ते मोटारी अशा घसरवीत वळणें घेऊं लागले. त्यांचें पाहून केइइचि त्सुचिया ह्यांनीं घाटरस्त्यांवर तीच युक्ति गिरवली, आणि तरुणांस तिचें वेड लागलें. पण सार्वजनिक रस्त्यावर हा खेळ म्हणजे प्राणाशीं गांठ. समोरून येणाऱ्या निरपराध वाटसरूनें काय पाप केलें? बंदिस्त मार्गांवर हा खेळ आला, स्पर्धा भरूं लागल्या, तेव्हां त्यास नियम व गुरु लाभले.

१३ फेब्रुवारी २०२१ च्या भूकंपांत एबिसुच्या एका मार्गावर डोंगराची कडाच कोसळली. तरीही पुढें येथें मोटारींचे मेळे भरलेच.

वेगाची ओढ तरुणांच्या अंगीं असावयाचीच. ती नुसत्या दटावणीनें जात नाहीं. वडिलांचा डोळा चुकवून रस्त्यावर जाते. तिला कुंपण घातलेली मोकळी जागा व जाणता शिक्षक द्यावा. तोल जात असतां हातपाय न आंखडणें, हा धडा मग घाटांत अवचित चाक घसरलें, तरी उपयोगी पडेल.