अब्बांचे 'जनता' घड्याळ आणि घाटकोपर–अंधेरीची फेरी

घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. लांबी सुमारे ११.४ किलोमीटर, स्थानके १२. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला जायचे म्हणजे असल्फा, साकीनाका, मरोळ असा बसचा रस्ता. साकीनाक्याला गाडी अडकली की सारा हिशेब कोलमडायचा. आता थोड्याच वेळात अंधेरी येते. पण या रस्त्यावरच्या छोट्या धंद्यांची ओळख करून घ्यायची असेल, तर मधल्या स्थानकांवर उतरून खाली चालावे लागते. चावी बनवणारे, छत्री दुरुस्त करणारे, आणि काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळवाले तिथे अजून आहेत.

गेल्या जूनमध्ये मी ही फेरी केली ती अब्बांचे घड्याळ घेऊन. एचएमटीचे 'जनता', पांढरी तबकडी, रोज चावी द्यायचे. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीने ते पेटीत ठेवले होते. माझा मुलगा अकरावीला गेला आणि अम्मी म्हणाली, "हे चालू होत असेल तर त्याला दे." जून म्हणजे फी, पुस्तके आणि छत्र्यांचा महिना. म्हणून ठरवले, आधी विचारून घ्यावे, मग खर्च करावा.

या घड्याळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली निघाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरूला तिचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला. चावीच्या घड्याळांची पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. 'जनता' हे नावच सांगते की ते कोणासाठी होते. कामगार, शिक्षक, कारकून यांच्या मनगटावर ते असे. लग्नात जावयाला दिले जाई. पुढे सेलवरची स्वस्त आणि अचूक घड्याळे आली, नंतर मोबाईल आला. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आता नवे सुटे भाग कारखान्यातून येत नाहीत. जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या बंद घड्याळातून काढून ते बसवावे लागतात.

घाटकोपरच्या पहिल्या दुकानदाराने घड्याळ कानाला लावले आणि परत दिले. "यात पैसे घालण्यापेक्षा सेलचे नवीन घ्या. टाईमही बरोबर दाखवेल." त्याचे चुकले नव्हते. सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. 'जनता'सारखे घड्याळ सेकंदाला पाच टोले घेते. अचूकतेत दोघांची बरोबरी नाही.

साकीनाक्याच्या दुसऱ्याने उलटे सांगितले. "एकदम नवे करून देतो. डायल कुठल्या रंगाचा पाहिजे? निळा, केशरी?" जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे, तबकडी रंगवायची आणि कंपनीचे नाव पुन्हा छापायचे. दिसायला झकपक, पण ते कंपनीने बनवलेले घड्याळ राहत नाही. अब्बांचे तर मुळीच नाही. मी ते उचलले आणि पुढे निघाले.

अंधेरीला एका अरुंद गल्लीत, एका चाचांनी मागचे झाकण उघडले आणि भिंगातून बराच वेळ पाहिले. मग भिंग माझ्या हातात दिले. "बघा आपा, गंज नाही. मशीन कंपनीचेच आहे. तेल सुकून घट्ट झाले आहे. खोलून, धुऊन, नवे तेल देईन. मेन स्प्रिंग आणि काच बदलावी लागेल. साडेअकराशे होतील. डायलला हात लावणार नाही." गंज लागला असता किंवा बॅलन्सचा दांडा तुटला असता तर काय, असे विचारले. म्हणाले, "मग मीच नको म्हटले असते."

आता प्रश्न पैशांचा. तसेच चालू 'जनता' जुन्या बाजारात साधारण तेवढ्यालाच मिळेल, हेही चाचांनीच सांगितले. म्हणजे दुरुस्त करून विकले तरी हाती काही उरणार नाही. बाजारभावाने पाहिले तर ही दुरुस्ती फायद्याची नव्हती.

घरी हा हिशेब मांडला. अम्मीने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "पुन्हा पेटीतच जाणार असेल तर एक रुपयाही घालू नको. वापरणार असेल तर कर." मुलाला विचारले: रोज सकाळी चावी द्यावी लागेल, पावसात भिजवायचे नाही, दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे होईल, चालेल? तो म्हणाला, कॉलेजच्या परीक्षेत मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, घड्याळ लागणारच आहे. तरी आम्ही फी भरून होईपर्यंत थांबलो आणि जुलैमध्ये घड्याळ चाचांकडे दिले. जुना पट्टा कुजला होता, तो मात्र नवा घेतला.

अनेक घरांत अशी घड्याळे पडून असतील. दुरुस्तीला देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. झाकण आपल्यासमोर उघडून घ्यावे आणि गंज आहे का ते पाहावे. कोणता भाग बदलणार हे आधी ठरवावे आणि काढलेला भाग परत मागावा. तबकडी रंगवू देऊ नये. डाग पडले असले तरी ती खरी असते. आणि घड्याळ घालणारा माणूस घरात आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. तो नसेल तर घड्याळ जसे आहे तसेच जपून ठेवावे. आठवण म्हणून ठेवायला ते चालू असावे लागत नाही. पण घालणारा असेल आणि खर्च झेपणारा असेल, तर साडेअकराशे रुपयांना महाग म्हणता येत नाही.