मयसभेचे एस्टिमेट

जादूने बांधलेले घर राहायला कितपत सोयीचे, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त ओव्हरसीअरसाहेबांशी माझे त्यावरून गेले तीन रविवार वाजते आहे.

मी अल्लाउद्दीनच्या पक्षाचा. दिवा घासला, राक्षस हजर, सकाळी पाहावे तो राजवाडा तयार! सिमेंटची पोती नाहीत की गवंड्याचे ‘उद्या येतो’ नाही.

“आणि पाया?” साहेब कडाडले. “अहो, त्या जादूगाराने अख्खा वाडा राजकन्येसकट रातोरात आफ्रिकेत नेला! चोवीस खिडक्यांतली एक अर्धवट ठेवलेली. ती पुरी करताना सुलतानाच्या जवाहिऱ्यांची रत्ने संपली. म्हणजे दुरुस्तीलाही पुन्हा तोच राक्षस!”

साहेबांचा कंत्राटदार मयासुर. सभापर्वातले एस्टिमेट त्यांना तोंडपाठ. मुदत चौदा महिने. घेर दहा हजार हात. सामान कैलासाच्या उत्तरेला, बिंदुसरोवरावर जातीने जाऊन आणलेले. राखणीला नि ने-आणीला आठ हजार किंकर राक्षस. वर भीमाला गदा आणि अर्जुनाला देवदत्त शंख, फुकट!

“मायावी असून चौदा महिने लागले, हे व्यासांनी लपवले नाही. म्हणून ती सभा खरी वाटते,” साहेब म्हणाले.

“पण दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला. साधा कठडा नको?”

साहेब जरा थांबले. “तेवढी चूक आहे खरी. तिचे बिल पुढे कुरुक्षेत्रावर आले.”

मला हा मुद्दा पटला. गोष्टीत वाटेल ती जादू चालते. पण ओझे कोणी उचलले, माल कुठून आला, दिवस किती लागले, एवढे सांगितले की भिंत उभी राहते. नाही तर तिला वारासुद्धा पुरतो.

हे सारे आताच सुचायचे कारण, आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा आहे. रंगीत पुस्तिकेत तळे आहे, बगळे आहेत, गवंडी मात्र एकही नाही. मुदत अठरा महिने, तीही राक्षसांवाचून! हिचे गुडघे तीन जिने चढून थकले आहेत, तिला लिफ्ट हवी आहे. मलाही हवी आहे. फक्त ती यायच्या आत आमचे म्हातारपण भाड्याच्या खोलीत सरू नये.

सभेत मी दोनच गोष्टी विचारणार आहे: माणसे किती आणि महिने किती? उत्तर ‘काळजी नको’ असे आले, तर समजायचे, दिवा आपल्यालाच घासत बसायचा आहे.