छातीतली जळजळ आणि सातवीतला प्रश्न



गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात आम्ही पचनसंस्था शिकवीत होतो. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, असे फळ्यावर लिहिले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, ॲसिड आहे तर पोट जळत कसं नाही?" प्रश्न उत्तम होता. जठराच्या आत बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो त्याचे रक्षण करतो, असे आम्ही सांगितले. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग आमच्या आजोबांच्या छातीत का जळतं?" तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. खरे सांगायचे तर, त्या वेळी आमच्याच खिशात जळजळीची गोळी होती.

दोन वर्षे आम्हाला करपट ढेकरा येत, रात्री आंबट पाणी घशाशी येई. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुस्तकात जठराला 'आमाशय' म्हणत. घरी मात्र 'पित्त झालंय' एवढ्या दोन शब्दांत सगळा आजार संपे. दोष आम्ही कधी मिरचीला दिला, कधी सोलकढीला. घरातली भिरंडाची आमसुलेसुद्धा आमच्यापायी डब्यात पडून राहिली.

मग एका रात्री छातीत इतके जळू लागले की घाम फुटला. "पित्तच आहे," असे आम्ही म्हणत होतो. सौभाग्यवतींनी ऐकले नाही. भर पावसात, जंगलातल्या रस्त्याने, शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखाना गाठला. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. सुदैवाने हृदय ठीक होते. डॉक्टरांनी मिरचीचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले, "जेवता किती वाजता? झोपता किती वाजता?" शाळेचे कागद आटोपून आम्ही साडेदहाला भरपेट जेवत असू आणि अकराला आडवे होत असू. उत्तर देतानाच कारण आमच्या लक्षात आले.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडते आणि मग मिटते. ते सैल पडले किंवा नको तेव्हा उघडले, की आम्ल वर चढते. अन्ननलिकेला जठरासारखे जाड संरक्षण नाही, म्हणून ती जळते. त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

हे कडे सैल का पडते? पोट तुडुंब भरले की ताण येतो. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ राहते. तंबाखू आणि दारूने कडे ढिले होते. वाढलेले वजन व गरोदरपण यांमुळे पोटावर खालून दाब येतो. काहींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकतो. रक्तदाबाच्या काही औषधांनीही हा त्रास वाढतो. पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मिरची, आंबट, चहा यांचा त्रास प्रत्येकाला सारखा होत नाही. ज्याला होतो त्याने ते टाळावे.

खाण्याच्या सोड्याने बरे वाटते, कारण तो आम्ल मारतो. पण ते आराम थोड्या वेळाचे असते, कडे सैलच राहते. आम्ही रात्रीचे जेवण आठला आणले, थोडे कमी केले. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवले. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपू लागलो. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितकेच दिवस घेतले. महिन्याभरात रात्रीची झोप परत आली आणि सोलकढीही ताटात आली.

पालकांना एक कळकळीची विनंती. छातीत दुखून घाम येणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, दम लागणे, याला घरी बसून 'पित्त' म्हणू नका. आपल्या जोयडा तालुक्यात वाड्या लांब लांब आहेत, मोठे दवाखाने त्याहून लांब. सकाळची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणे, हेही दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही.

मुलांच्या वहीत आम्ही लाल शाईने 'कारण लिहा' असा शेरा मारतो. स्वतःच्या दुखण्याचे कारण मात्र आम्ही दोन वर्षे शोधले नाही, गोळी शोधली. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीला वर्गात तिचे राहिलेले उत्तर दिले आणि आजोबांना डॉक्टरांना दाखवायला सांगितले. ती म्हणाली, "सर, आजोबा जेवले की लगेच आडवे होतात." कारण तिने आमच्यापेक्षा लवकर शोधले होते.

आपला,
मुख्याध्यापक