इंजिन बांधावे की बदलावे?

खान्देशात होळी सरली की गावोगावच्या गॅरेजांसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. कपाशी उपटून झालेली असते, गहू-हरभरा खळ्यावर आलेला असतो, आणि आखाजी ते मृग एवढ्या दिवसांत नांगरटीची सारी घाई असते. वर्षभर कसेबसे ओढत आणलेले इंजिन याच दिवसांत बसते. मग घरोघरी एकच प्रश्न निघतो. इंजिनाचे काम काढायचे, दुसरे इंजिन टाकायचे, की ट्रॅक्टरच बदलायचा?

मी बी. एस्सी. अ‍ॅग्री झालेला माणूस. विस्तार अधिकारी म्हणून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आजवरची नोकरी झाली. केळीवरचा करपा आणि कपाशीवरची बोंडअळी हे माझे विषय, इंजिन हा नव्हे. पण खेड्यात साहेब आला की लोक पिकाबरोबर बैलाचे, विहिरीचे आणि इंजिनाचेही विचारतात. शिवाय इंजिनाशी माझी ओळख कॉलेजच्या आधीची. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. पुढे वीज येईपर्यंत, आणि आल्यावरही तिचा भरवसा नसल्यामुळे, कितीतरी विहिरींवर ऑइल इंजिनाचाच आवाज घुमत असे. हँडल मारून इंजिन सुरू करायचे, आणि पाटाला पाणी लागले की माय घरातून आवाजावरूनच सांगायची, आज इंजिन बरोबर चालत नाही. वडील एका वहीत इंजिन किती तास चालले आणि ऑइल केव्हा बदलले, एवढे लिहीत. त्यांचे सांगणे असे, की आधी कान लावावा, मग पाना लावावा.

दोनेक वर्षांमागची गोष्ट आहे. पारोळा तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. वडील वारून वर्ष व्हायचे होते. तेविसाव्या वर्षी घर, सहा एकर जमीन, धाकटी बहीण आणि वडिलांचा ट्रॅक्टर, सारे अंगावर आलेले. ट्रॅक्टरचे कर्ज वडिलांनीच फेडून ठेवले होते. घरची शेती आणि गावातली भाड्याची नांगरट यांवर घर चालत होते. आता इंजिन निळा धूर सोडत होते, दिवसाला अर्धा लिटर ऑइल पीत होते, सकाळी चालू व्हायला रडवत होते आणि भरलेल्या ट्रॉलीला चढावर दम टाकत होते.

पोराला सल्ला देणारे कमी नव्हते. विक्रेत्याचा माणूस म्हणे, जुना द्या, नवा न्या, कर्ज आम्ही करून देतो. गॅरेजवाला म्हणे, एक तयार इंजिन आहे, दोन दिवसांत बसवून देतो. काका म्हणत, विकून टाक आणि मोकळा हो. आणि माय म्हणे, त्यांच्या हातचा ट्रॅक्टर दारातून जाऊ द्यायचा नाही, लागल्या तर माझ्या पाटल्या मोडा. पोरगा माझ्यासमोर बसून एवढेच बोलला, "साहेब, आते कसं करानं?"

मी त्याला विचारले, "बैल विकत घेताना तुझे वडील काय करत?"

"दात पाहत. चालवून पाहत."

"मग इंजिनाचे दात कोणी पाहिले का?"

कोणीच पाहिले नव्हते. चौघांनी चार निकाल दिले होते, आणि तपासणी एकानेही केली नव्हती.

मंडळी, या प्रश्नात नवखा माणूस फसतो तो इथे. बांधावे की बदलावे हे धुरावरून ठरत नाही. धूर फक्त दिशा दाखवतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल खराब असेल, एअर क्लीनर तुंबलेला असेल, किंवा ओझे झेपत नसेल. थंडीच्या सकाळी घटकाभर पांढरा धूर आला तर घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेडच्या गॅसकेटकडे पाहावे. ऑइल दुधाळ झाले तर त्यात पाणी शिरले असे समजावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण ते झिजलेल्या रिंगांमधून वर येते की व्हॉल्व्हच्या बाजूने खाली उतरते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे.

म्हणून मी त्याला तीन पायऱ्या सांगितल्या.

पहिली पायरी इंजिन न उघडण्याची. एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, नोझल, टॅपेटचे अंतर आणि रेडिएटरची जाळी आधी तपासून घ्यावी. पुष्कळदा मेले म्हणून सोडलेले इंजिन एवढ्यावर उठून बसते. मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. दाब गेला की सकाळी इंजिन चालू होत नाही. दाब कमी भरला, तर जाणत्या मेकॅनिककडून त्या सिलिंडरमध्ये थोडेसे ऑइल टाकवून पुन्हा मोजून घ्यावे. दाब वाढला तर रिंग-लायनरची झीज. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेवटी गरम इंजिनावर ऑइलचा दाब पाहावा. तो फार पडत असेल तर बहुधा बेअरिंगांची झीज असते.

दुसरी पायरी उघडून मोजण्याची. हेड आणि खालचे चेंबर काढले, की लायनर किती झिजले आणि क्रँक किती झिजला, हे मापाने कळते. क्रँक घासून पुन्हा वापरता येतो. पहिल्या घासणीला पाव मिलिमीटर उतरवतात, आणि त्या मापाची जाड बेअरिंगे मिळतात. पण ही घासणी ठरावीक वेळाच करता येते. क्रँक शेवटच्या मापाला पोचला असेल, तर त्याच्यावर पैसे घालून उपयोग नाही. ब्लॉकला तडा आहे का, हेही याच वेळी कळते. तडा असेल तर बांधणीचा विचारच सोडावा.

तिसरी पायरी हिशेबाची. ती आम्ही आधीच, त्याच्या घरी ओट्यावर बसून केली. नवा ट्रॅक्टर साडेसात लाखांचा. जुन्याचे दीड लाख धरत होते. म्हणजे ६ लाखांचे कर्ज. दर साल शेकडा १० व्याज धरले, तरी पहिल्या वर्षाचे नुसते व्याज ६० हजार. आणि इंजिनाच्या पूर्ण कामाचा अंदाज होता ६५ हजारांच्या आसपास! म्हणजे एका वर्षाच्या व्याजात इंजिन नवे होत होते, आणि मुद्दल मानगुटीवर बसत नव्हते. हे आकडे त्या वेळचे आणि त्याच्या ट्रॅक्टरचे. तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच करावी. माय शेजारी तांदूळ निवडत ऐकत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "मग पाटल्या राहिल्या का?" मी म्हणालो, "राहतील असे दिसते, ताई. आधी उघडू तर द्या."

राहता राहिले ते तयार इंजिन. ते ८० हजारांत मिळत होते. मी पोराला दोनच प्रश्न विचारायला सांगितले. हे इंजिन किती तास चालले आहे, आणि याचे कागद कुठे आहेत? गॅरेजवाल्याकडे दोन्हींची उत्तरे नव्हती. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. इंजिनाचा नंबर तुमच्या आरसी बुकावर असतो. गाडी एमएच १९ असो की एमएच १८, इंजिन बदलले तर आरटीओकडे कळवून नवा नंबर नोंदवून घ्यावा लागतो, आणि विम्याच्या कागदावरही तो यावा लागतो. बिनकागदाचे इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर शेतकरी विनाकारण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. नंबर जुळला नाही, तर अपघाताच्या वेळी विम्याच्या भरपाईतही खोडा येऊ शकतो.

मग पारोळ्याच्या एका वयस्क मिस्त्रीने इंजिन उघडले. क्रँक पहिल्या घासणीत बसणारा निघाला. ब्लॉक धड होता. लायनर मात्र वरच्या बाजूला फारच झिजले होते. बेअरिंगांच्या मानाने ती झीज मिस्त्रीला खटकली. इंजिन तासांनी म्हातारे झाले असते, तर सगळीकडे सारखे झिजले असते. त्याने एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला आणि वाकवून दाखवला. पट्ट्याच्या खाली बोटभर चीर होती. पाइपात आतून आपल्या काळ्या रानाची धूळ जमली होती. एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल तर वाळून चिखलासारखे झाले होते. हवेबरोबर माती आत जात होती, आणि ती माती लायनर खात होती.

पोरगा ते पाहून गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "वर्षभर आम्ही दवाखान्यातच होतो, साहेब. नाना दर आठ दिवसांनी ती वाटी धूत. मी नुसता चालवत राहिलो."

मी त्याला म्हणालो, "ते वर्ष तुम्हा सगळ्यांचेच उपाशी गेले. तू नानांच्या उशाशी होतास, ती जागा बरोबरच होती." मिस्त्रीही मान हलवून म्हणाला, "इंजिन बांधता येतं, बाबा."

पण यातली खरी शिकवण पुढेच आहे. पोराने ८० हजारांचे तयार इंजिन टाकले असते, किंवा नुसत्या रिंगा बदलल्या असत्या, तर तो फाटका पाइप तसाच राहिला असता. दुसरे इंजिनही त्याच धुळीने खाल्ले असते. इंजिन कशाने गेले याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्यावर पैसा घालू नये, मग तो बांधण्यावर असो की बदलण्यावर.

सगळे काम ६२ हजारांत झाले. कपाशीच्या शेवटच्या वेचणीचे पैसे त्यात गेले. पाटल्या मायच्या हातातच राहिल्या.

बांधणे नेहमीच शहाणपणाचे असते असे मात्र नाही. शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे इंजिन दोनदा बांधून झालेले होते. ऐन मे महिन्यात, पाणी उकळत असताना, त्याने वरून विहिरीचे गार पाणी ओतले आणि ब्लॉकला तडा गेला. गिअर बॉक्स आवाज करत होता, हायड्रॉलिक नांगर उचलत नव्हते, आणि त्या मॉडेलचे सामान मिळणे अवघड झाले होते. त्यांना मी म्हणालो, आप्पा, आता याला निरोप द्या. शरीरच थकलेले असेल तर नव्या काळजाचा काय उपयोग? त्यांनी तो ट्रॅक्टर भंगारात दिला आणि चांगला चाललेला, कागद असलेला ट्रॅक्टर विकत घेतला. तेही बरोबरच केले.

ज्यांचे ठरले असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सामान बिलासह घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. क्रँक आणि लायनरची मापे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. बांधलेल्या इंजिनाला पहिले पन्नास तास जड नांगरट देऊ नका, आणि नुसते उभे ठेवून घुर्घुरतही ठेवू नका. हलके काम द्या. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला. पाणी उकळले तर इंजिन निवू द्या, झाकण लगेच उघडू नका.

आणि एक वही करा. त्या पोराच्या घरी ती आता खुंटीला टांगलेली असते. बहीण बारावीला आहे, अक्षर तिचे. नांगरटीचे तास, ऑइलची तारीख, एअर क्लीनर धुतल्याचा वार, सारे ती लिहिते. मागे गेलो तेव्हा तिने मला पान काढून दाखवले. आठ दिवसांचा एकही खाडा नव्हता.