पाणी पाजले की नरमणारे कासे

लोहाराने विळ्याला पाणी पाजले की धार कडक होते, हे गावातले पोरही सांगेल. तोच हिशेब काशाला लावणारा मात्र फसतो. 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील असे ओतलेले कासे सावकाश निवू दिले, तर हातोड्याच्या दणक्याने त्याचे तुकडे होतात. तेच लाल असताना पाण्यात बुडवले, तर ठोके सोसते.

यामागचे कारण तापमानात दडलेले आहे. या प्रमाणातले कासे 586 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यात बीटा नावाची, घणाखाली वाकणारी अवस्था येते. सावकाश थंड होताना ती मोडते आणि 520 अंशांच्या आसपास तिच्यातून डेल्टा बाहेर पडते: अतिशय कठीण, आणि तितकीच ठिसूळ. घासून चकचकीत केलेल्या नमुन्यावर फेरिक क्लोराइड फिरवून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की डेल्टाची फिकट निळसर बेटे ओळखू येतात. पाण्यात बुडवलेल्या नमुन्यात ती जवळपास नसतात. तिथे बारीक सुयांचे जाळे दिसते. अणूंना नवी मांडणी करायला सवडच मिळालेली नसते.

कारागिरांना हे सगळे आलेखांच्या फार आधीपासून जमत होते. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या नायरंगाडीचे कारागीर याच काशाच्या वाट्या-थाळ्या तापवून ठोकत, पुन्हा तापवत, शेवटी पाण्यात सोडत. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या महापाषाणकालीन दफनांत सापडलेली जास्त कथिलाची भांडीही याच जातीची. युरोपला हे कोडे उशिरा सुटले. चिनी घंटाथाळ्यांतले तांबे-कथिलाचे प्रमाण तिथल्या रसायनतज्ज्ञांना कळले होते, पण त्याच प्रमाणात ओतलेला धातू फुटायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सचे रसायनतज्ज्ञ दार्से यांनी पाण्यात बुडवण्याची मेख दाखवून दिली.

डेल्टाला नुसते खलनायक ठरवणेही बरोबर नाही. केरळातल्या आरन्मुळाच्या आरशात कथील 33 टक्क्यांच्या आसपास असते आणि तिथे डेल्टाच हवी असते, कारण ती चांदीसारखी झिलई घेते. आरसा पडला की फुटतो, हा त्याच व्यवहाराचा दुसरा भाग.

झिजेचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. वर्कशॉपमध्ये अजूनही पुष्कळ जण कडकपणाचा आकडा पाहून झिजेचा अंदाज बांधतात. पोलादी शाफ्टखालचा बुश 10-12 टक्के कथिलाच्या ब्राँझचा, म्हणजे कमी कथिलाच्या काशाचा असतो; त्यात अल्फा ही मऊ अवस्था आणि तिच्यात विखुरलेले डेल्टाचे कठीण कण अशी जोडी असते. कण भार पेलतात, मऊ भाग किंचित दबून तेलाला जागा करून देतो. हा बुश 700 अंशांच्या आसपास बराच वेळ तापवून पाण्यात टाकला, तर डेल्टा अल्फात विरघळून जाते. धातू चिवट होतो खरा, पण बुशाला ज्या कणांचा आधार होता, ते गेलेले असतात.

प्रत्येक ब्राँझचे असे होत नाही. ॲल्युमिनियम ब्राँझ 900 अंशांच्या आसपासहून पाण्यात गेले की पोलादासारखेच कडक होते. मग पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. विमानाच्या लँडिंग गिअरमधल्या बुशांना निकेल घातलेले असेच ॲल्युमिनियम ब्राँझ वापरतात. बेरिलियम कॉपरची तऱ्हा आणखी निराळी. 800 अंशांच्या जरा खालून पाण्यात टाकले की ते नरम पडते आणि 315 अंशांवर दोन-तीन तास ठेवल्यावर त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापाने 40 च्या आसपास जातो. तेलशुद्धीकरण कारखान्यांतले, ठिणगी न उडवणारे पाने पुष्कळदा याच धातूचे असतात.

म्हणून कथिलाच्याच फॉस्फर ब्राँझचे वर्म व्हील घेऊन ‘याला पाणी देऊन कडक करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हीट ट्रीटमेंटवाल्याने सरळ फाउंड्रीत पाठवावे. लोखंडी चिल साच्यात किंवा फिरत्या साच्यात ओतले, की रस झटपट गोठतो, डेल्टाचे कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. त्या चाकाला हवे असते ते तेवढेच.