किल्ल्यात गप्प का बसायचं?

नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्वातंत्र्याचा सोहळा करू नये, या मताचा मी कितीतरी वर्षं होतो. हरकत सोहळ्याला नव्हती, जागेला होती. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी काँग्रेस कार्यकारिणीची बारा माणसं १९४२ च्या ऑगस्टमध्ये जिथं आणून कोंडली, तिथं फुगे, शिट्ट्या आणि सेल्फी कशाला? जावं, चपला काढाव्यात, नमस्कार करावा, मुकाट्यानं बाहेर यावं. राहुरीला शाळेत इतिहास शिकवत होतो तोवर मुलांनाही हेच सांगत आलो. ऐकत नसत त्यांच्यासाठी डोळे वटारणं होतंच.

या मताचं मूळ इतिहासाच्या पुस्तकात कमी आणि १९७२ सालात जास्त होतं. त्या साली स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव होता, आणि त्याच साली तो दुष्काळ पडला. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसापुढं नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं तरी तो सावरून बसतो. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या लाल भाकरी. त्या लाल ज्वारीचा वास मला अजून ओळखता येतो. पंधरा ऑगस्टला आम्ही प्रभातफेरी काढली. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “ओरडायला ताकद कुठून आणलीस रे?” त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. पण तेव्हापासून सरकारी उत्सव दिसला की आधी संशय यायचा आणि मग जमलंच तर कौतुक.

१९९७ चा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा मी शिक्षक होतो. वर्ग घेऊन किल्ल्यात गेलो. हाताची घडी, तोंडावर बोट, एकामागे एक रांग. नेत्यांच्या खोल्यांपुढून ती रांग देवळातल्या दर्शनबारीसारखी सरकली. पुढच्या आठवड्यात सहलीवर निबंध लिहायला दिला, तर जवळजवळ प्रत्येक वहीत एक वाक्य होतं : किल्ल्यात फार शांतता होती. मला त्याचं समाधान वाटलं. पोरांना बाकी काहीच आठवत नव्हतं, हे तेव्हा खटकलं नाही.

मग २०२२. अमृतमहोत्सव. एव्हाना मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे कुरकुरायला वेळ भरपूर. १३ ते १५ ऑगस्टला घरोघरी तिरंगा. त्यासाठी ध्वजसंहिताच बदललेली. २०२१ च्या डिसेंबरात पॉलिस्टरचे आणि यंत्रावर विणलेले झेंडे चालतील असं ठरलं, २०२२ च्या जुलैत घरावर रात्रीसुद्धा झेंडा ठेवायला मुभा मिळाली. १७ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता राज्यभर एकाच वेळी राष्ट्रगीत. ५ ते १५ ऑगस्ट पुरातत्त्व खात्याच्या देशभरातल्या सगळ्या वास्तूंना फुकट प्रवेश. मी चहाच्या टपरीवर प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. खादीच्या झेंड्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आणि आता तोच पॉलिस्टरचा, हे माझं पेटंट वाक्य होतं. ते मी अजूनही मागे घेतलेलं नाही.

शाळेनं मुलांबरोबर किल्ल्यात येण्याची गळ घातली आणि नाही म्हणता आलं नाही. नगर-मनमाड रस्त्यानं राहुरीहून नगरला जाणं हेच पावसाळ्यात एक देशकार्य आहे. त्यावर जास्त बोलत नाही, खड्डे अजून तसेच आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात. एरवी दरवाज्यावर ओळखपत्र दाखवा, नोंद करा, फोटोचं विचारून घ्या. त्यामुळे नगरच्या चाळीसेक किलोमीटरच्या परिघातली असंख्य माणसं हा किल्ला न बघताच म्हातारी होतात. त्या दिवशी मात्र जत्रा लोटली होती. खंदकावरच्या वाटेवर लेकुरवाळ्या बाया, गालावर तिरंगा रंगवलेली पोरं, डोक्यावर फेटे. माझा चेहरा कसा झाला असेल, कल्पना करा.

हुसेन निजामशहानं हा दगडी कोट बांधला, चांदबीबीनं १५९५-९६ मध्ये तो मोगलांविरुद्ध लढवला, १८०३ मध्ये वेलस्लीनं घेतला. एवढं मी चालता चालता सांगून टाकलं. पोरांना त्यात फारसा रस नव्हता. चौकाभोवतीच्या त्या खोल्यांशी आलो तेव्हा बारागाव नांदूरकडची एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, “सर, हे तर आमच्या वसतिगृहासारखंय!” माझं बोट सवयीनं ओठांपर्यंत गेलं. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला : यांना स्वयंपाक कोण करायचं? आणि तिसरा : भांडायचे का?

उत्तरं मला येत होती, पंचाईत तीच झाली. आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ मी नागरी लिपीतून वाचलं होतं. याच किल्ल्यात बसून मित्राला लिहिलेली, पण तेव्हा न धाडलेली पत्रं. त्यात स्वयंपाक्याचा किस्सा आहे. बाहेरून एक स्वयंपाकी आणला. पण आत कोण आहे ही खबर त्याच्यामार्फत बाहेर जायला नको, म्हणून त्यालाही आतच अडकवून ठेवलं. बिचारा पगारावर आला आणि कैदी झाला! घाबरून तो स्वयंपाकच विसरला. तुरुंगाधिकाऱ्याचं नाव आझादांनी परस्पर ‘चीताखान’ ठेवलं होतं, चांदबीबीच्या काळातल्या किल्लेदारावरून. खोलीत चिमण्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा आझादांनी आधी त्यांच्याशी युद्ध पुकारलं, मग हरले, मग तहाची बोलणी म्हणून दाणे टाकले, आणि अखेर चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या. त्यांनाही नावं : मोती, कलंदर, मुल्ला. मी हे सांगत गेलो आणि पोरं खिदळत गेली. चिमण्यांशी तह म्हटल्यावर तर मागं उभ्या असलेल्या, कुठल्या गावच्या कोण जाणे, दोन आजीबाईही हसल्या. मी त्यांना गप्प केलं नाही.

रात्री घरी आल्यावर माझ्या मताची मला लाज वाटली असं नाही, पण ते पेलेना. १९९७ च्या वर्गालाही मला हे सगळं सांगता आलं असतं. पुस्तकं माझ्याकडे तेव्हाही होती. सांगितलं नाही, कारण थोर माणसं हसतात-चिडतात हे त्या जागेला शोभणार नाही असं मला वाटे. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात तिथं लिहिला गेला, हे मी फळ्यावर लिहून देत असे, परीक्षेत येतं म्हणून. त्याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात नेहरू किल्ल्यातली दगडगोट्यांची जमीन खणून बाग करतात, खणताना जुन्या भिंती, कमळाचं कोरीव काम हाती लागतं, मग पुढं खणायला बंदी होते, हे मी वर्गात कधी वाचून दाखवलं नाही. पंतप्रधान व्हायच्या आधी हा माणूस आमच्याच जिल्ह्याची मुरमाड जमीन उकरत होता! कृषी विद्यापीठाच्या गावातल्या पोरांना यापेक्षा जवळचं काय असणार?

दुःखही तिथलंच आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गेल्या. त्या आजारी असताना सरकारपुढं हात पसरायचा नाही असं आझादांनी ठरवलं, आणि शेवटची भेट झाली नाही. हेही मी त्या दिवशी मुलांना सांगितलं. ज्या पोरांना मी आयुष्यभर गंभीर राहा म्हणून दटावलं, ती ते ऐकताना आपोआप गप्प झाली. पाचच मिनिटांत पुन्हा कलकलाट.

मत बदलायला खरं कारणीभूत झाला तो याच्या पुढचा विचार. या किल्ल्यात शांतता हवी होती ती कुणाला? इंग्रजांना. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत या लोकांना उचललं ते ‘चले जाव’चा आवाज बंद करण्यासाठी. कुठं ठेवलंय हे सरकार जाहीर करत नव्हतं. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रसुद्धा दिलं नाही, घरच्यांच्या भेटी नाहीत. जिथून लोकांचा आवाज आत आणि नेत्यांचा आवाज बाहेर जाणार नाही, अशी जागा म्हणून हा लष्करी किल्ला निवडला गेला. मी पोरांच्या तोंडावर बोट ठेवायला लावत होतो, म्हणजे कुणाची व्यवस्था पुढं चालवत होतो?

त्यातही गंमत बघा. नगरचेच अच्युतराव पटवर्धन, नगरमध्येच जन्मलेले, त्या वेळी भूमिगत राहून चळवळ चालवत होते. देशाचे नेते यांच्या गावच्या किल्ल्यात कोंडलेले आणि गावचा मुलगा मोकळा फिरतोय, पोलिसांना सापडत नाही. एवढं नाट्य हाताशी असताना मी मुलांना शिस्त शिकवत बसलो.

म्हणून आता माझं म्हणणं असं : महोत्सव किल्ल्यातच करा. रौप्य, सुवर्ण, अमृत, जे असेल ते. एरवी मनात असूनही जे दरवाज्यापर्यंत जात नाहीत, ते या निमित्तानं जातात. गालावर तिरंगा रंगवलेलं पोर कुठल्या कारणानं आलं याची चौकशी कशाला? आल्यावर त्याला कुणी गोष्ट सांगतंय का, एवढं बघा. १९७२ मधले माझे वडील चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. उपाशीपोटी घोषणा देववत नाहीत, हे आजही खरं आहे. पण त्यांच्या एका वाक्यावर मी सगळ्याच उत्सवांचा हिशेब केला, आणि त्यांनी तसा केला नव्हता. पुढच्या वर्षी ते स्वतः मला झेंडावंदनाला घेऊन गेले होते.

काही गोष्टींवर अजून अडून आहे. कर्णे आणि डीजे नकोत, त्यात माणसाचाच आवाज बुडतो. दगडांवर रंगीत दिव्यांचे झोत नकोत. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फलक तर मुळीच नकोत. ज्या बारा जणांसाठी जायचं त्यांचे फोटो त्यापुढं टपाल तिकिटाएवढे दिसतात.

आणि एक नवं भांडण मी स्वतःच काढलंय. नगरच्या किल्ल्याची खरी तारीख पंधरा ऑगस्ट नव्हे, नऊ ऑगस्ट. क्रांतिदिनी शाळांनी तिथं जावं, असं मी भेटेल त्या मुख्याध्यापकाला सांगतो. ते अडचणी सांगतात. नऊला सुट्टी नसते, चाचणी परीक्षा तोंडावर असतात, आदिवासी दिनाचाही कार्यक्रम त्याच दिवशी असतो. मी म्हणतो, सुट्टी नाही तेच बरं, शाळेचा दिवस म्हणूनच जा, डबे बरोबर घ्या, आणि आदल्या दिवशी वर्गात त्या स्वयंपाक्याचा किस्सा सांगून ठेवा. दोघा मुख्याध्यापकांनी बघू म्हटलंय. एकानं विचारलं, गोंगाट झाला आणि पहाऱ्यावरचे जवान रागावले तर? मी म्हटलं, मला बरोबर न्या, त्यांच्याशी मी बोलतो.